चवथीचे ओझे
चवथ जवळ आली की गोव्यातील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात भक्तीबरोबर खर्चाची बेरीजही सुरू होते. माटोळीचे नारळ, सुपारीचे घोस, रानफळे, नेवऱ्यांचे सामान, फटाके, नवे कपडे यांचा खर्च दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवल्यास पेलतो. पेलवत नाही ते लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला लेकीच्या सासरी पाठवायचे फळा-मिठाईचे ओझे. तेथे ऐपतीपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेला मान मिळतो आणि बाप कर्ज काढतो. त्याने हात आखडला तर बोल लेकीला ऐकावे लागतात. म्हणूनच काटकसरीचा पहिला शब्द सासरच्या वडीलधाऱ्यांनी उच्चारला पाहिजे. ‘पाच नारळ पुरेत’ एवढे त्यांनी आधीच कळविले, तरी विघ्नहर्त्याच्या सणातले एक विघ्न टळेल.