बर्फ कां होत नाहीं ?

फ्रीजमध्यें बर्फ होईनासा झाला कीं घरांत पहिला उद्गार निघतो तो "गॅस संपला" हा. मोटारींतलें पेट्रोल जसें धांवण्यानें संपतें, तसाच फ्रीजमधला वायुही वापरून संपत असावा, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. ती चुकीची आहे आणि महागांतही पडते. हा वायु बंद नळ्यांतून फिरत असतो. तोच आणि तितकाच वायु वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतो. तो कमी झाला असेल तर नळीला कोठें तरी छिद्र पडलें आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि छिद्र न बुजवितां नवा वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. बरें, बर्फ न होण्याच्या अनेक कारणांपैकीं वायु गळणें हें केवळ एक. इतर कारणें बहुतांशीं घरच्या माणसाला डोळ्यांनीं, कानांनीं आणि हाताच्या स्पर्शानें ओळखतां येण्यासारखीं असतात. तीं ओळखावयाचीं कशीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

शाळेंत असतांना मी मुलांच्या मनगटावर स्पिरिटचा थेंब टाकून त्यावर फुंकर मारावयास सांगत असें. थेंब उडून जाई आणि मनगट गार पडे. द्रवाची वाफ होतांना तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो; फ्रीजचें सारें रहस्य एवढ्यांतच सांठविलेलें आहे. फरक इतकाच कीं फ्रीजमध्यें तो थेंब वायां जाऊं देत नाहींत. आंतल्या नळ्यांत झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबून पाठीमागच्या जाळींत ढकलतो. तेथें ती आपली उष्णता स्वयंपाकघरांतल्या हवेला देऊन पुन्हां द्रव होते, आणि एका केसासारख्या बारीक नळींतून परत आंत येऊन उकळूं लागते. या रचनेच्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं इंग्लंडांत घेतलें. गंमत पाहा, त्याच्या आदल्याच वर्षीं, १८३३ त, अमेरिकेंतल्या बोस्टनहून बर्फ भरून निघालेलें 'टस्कनी' नांवाचें जहाज कलकत्त्यास लागलें होतें !

तात्पर्य, फ्रीज थंडी निर्माण करीत नाहीं; तो आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तेव्हां बर्फ होईनासा झाला कीं उष्णता वाजवीपेक्षां अधिक आंत शिरते आहे, कीं आंतून उचललीच जात नाहीं, कीं बाहेर टाकतां येत नाहीं, हें पाहावें.

पण आधीं मोजावें. आइस्क्रीम मऊ लागलें ही तक्रार झाली, माप नव्हे. साधा फ्रीज-थर्मामीटर थोडक्या पैशांत मिळतो. तो गोठविलेल्या पुड्यांच्या मधोमध रात्रभर ठेवून सकाळीं दार उघडतांच वाचावा. फ्रीझरमध्यें उणे १८ अंश सेंटिग्रेड आणि खालच्या कप्प्यांत ४-५ अंश असावेत. उणे १५ दिसले तर घाबरण्याचें कारण नाहीं. उणे ५ दिसले तर मात्र शोध घेतला पाहिजे. त्याच वेळीं आंतली आंकड्यांची चकतीही पाहावी. तिच्यावरचा १ ते ७ हा आंकडा अंशांचा नव्हे. बहुतेक यंत्रांत आंकडा मोठा तितकी थंडी अधिक. उन्हाळ्यांत थंडी वाढावी म्हणून ती १ वर आणून ठेवणारीं सुशिक्षित घरें कांहीं थोडीं नाहींत.

उष्णता आंत शिरते ती मुख्यत्वें दारांतून. दाराच्या रबरी पट्टींत कागदाची पट्टी अडकवून दार लावावें व ती ओढून पाहावी. ती कांहींशी अडखळत निघाली तर ठीक. अलगद निसटली तर तेथें फट आहे. अशी चारी बाजूंनीं परीक्षा करावी. पट्टी पुष्कळदां फाटलेली नसते, नुसती चिकट झालेली असते. कोमट पाण्यांत साबण कालवून पुसली कीं पुन्हां धरूं लागते. मुंबईसारख्या दमट ठिकाणीं, आणि पावसाळ्यांत तर विशेषच, या फटींतून बाष्प आंत जाऊन बर्फाचे थर चढतात.

उष्णता बाहेर पडते ती पाठीमागच्या जाळींतून. तिच्यावर धुळीची व तेलकट वाफेची पुटें चढलीं, किंवा फ्रीज भिंतीच्या कोनाड्यांत घट्ट बसविला, तर उष्णतेनें जावें कोठें ? प्लग काढून मऊ ब्रशानें जाळी झाडावी आणि भोंवतीं चार बोटें तरी जागा सोडावी. कित्येक फ्रीजांत ही जाळी दोन्ही बाजूंच्या पत्र्यांखालीं दडविलेली असते. तेथें बाजू कोमट लागणें हें बिघाडाचें लक्षण नव्हे.

आतां कानांचें काम. मधून मधून 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसर क्षणभर गुरगुरतो आणि गप्प होतो, असें होत असेल तर तो सुरूच होऊं शकत नाहीं असें समजावें. विजेचा दाब कमी पडत असेल, किंवा त्याला सुरू करून देणारा लहानसा रिले गेला असेल. रिले हा स्वस्त भाग आहे. त्याच्यापायीं कॉम्प्रेसर बदलूं नये. वीज गेली किंवा आपणच बटण बंद केलें, तर पांच-सात मिनिटें थांबून मगच पुन्हां सुरू करावें; नळ्यांतला दाब समतोल होण्यापूर्वीं घाई केली तर तोच गुरगुरण्याचा प्रकार होतो.

यानंतरचा भाग जरा लक्षपूर्वक ऐकावा, कारण खरी फसगत येथेंच होते. जुन्या एकदारी फ्रीजांत बर्फाचा थर डोळ्यांना दिसतो. तो बोटाच्या निम्म्या जाडीचा झाला कीं वितळवावा, कारण थर म्हणजे गोधडीच, ती उष्णतेला नळीपर्यंत पोहोंचूं देत नाहीं. मात्र सुरीनें तो कधींही खरवडूं नये. एका घावानें नळीला छिद्र पडतें आणि नसलेला रोग खरा होतो.

दोन दारांच्या 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीजांत गार नळ्या फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड असतात आणि एक पंखा त्यांच्यावरची हवा वर-खालीं खेळवितो. बर्फ तेथेंही धरतोच. पण दर कांहीं तासांनीं एक लहानशी विजेची शेगडी आपोआप पेटून तो वितळविते व पाणी मागच्या तबकडींत जातें. ही शेगडी, तिच्यावर लक्ष ठेवणारा थर्मोस्टॅट किंवा तिला वेळ लावून देणारें टायमर, यांतलें एक जरी बिघडलें, तरी पडद्याआड बर्फ सांचत जातो, हवेची वाट बुजते, आणि बर्फ फार झाल्यामुळें फ्रीज गार होईनासा होतो ! खूण अशी कीं प्रथम खालचा कप्पा उबट होतो, दूध नासूं लागतें, फ्रीझर मात्र अजून बरा असतो. कांहीं दिवसांनीं तोही ढिला पडतो. घरांत कोणाचें इन्सुलिन खालच्या कप्प्यांत असेल तर येथेंच सावध व्हावें, कारण त्याला २ ते ८ अंश लागतात.

याची परीक्षा फुकट आहे. जिन्नस शेजाऱ्यांकडे ठेवावे, प्लग काढावा, दोन्ही दारें उघडीं टाकून खालीं जुनीं पोतीं अंथरावीं आणि चोवीस तास वाट पाहावी. नंतर सुरू केल्यावर फ्रीज आठ-पंधरा दिवस उत्तम चालला आणि पुन्हां तसाच ढेपाळला, तर दोष बर्फ वितळविण्याच्या यंत्रणेंत आहे, वायूंत नाहीं, हें जवळजवळ सिद्ध झालें. वायु गळलेला फ्रीज असा पूर्ववत् चालूं लागत नाहीं. पंखाही याच वेळीं तपासावा: दार उघडलें कीं तो बहुधा थांबतो, म्हणून चौकटीवरचें बटण बोटानें दाबून धरावें आणि आवाज ऐकावा.

वायु खरोखरच गेला हें केव्हां मानावें ? कॉम्प्रेसर सारखा चालू आहे, पण जाळीला ऊब नाहीं, किंवा पडदा काढल्यावर सर्व नळ्यांवर सारखें दंव नसून एकाच कोपऱ्यांत बर्फाचा गोळा आहे, तेव्हां. मग कारागिराला बोलवावें आणि त्याचें काम पाहात उभें राहावें. छिद्र शोधून तें बुजविणें, वायु गाळणारा ड्रायर बदलणें, निर्वात पंपानें नळ्या रिकाम्या करणें आणि पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेले तितके ग्रॅम वायु कांट्यावर तोलून भरणें, हा त्याचा क्रम. ज्याच्यापाशीं पंपही नाहीं आणि कांटाही नाहीं, त्याला नम्रपणें चहा देऊन निरोप द्यावा. पट्टीवर वायूचें नांवही असतें. जुना आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमानें बंद झाला. पुढें आर-१३४ए आला. आजच्या पुष्कळ फ्रीजांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. हा शेगडीच्या सिलिंडरांतल्या वायूचाच भाऊबंद, म्हणून ज्वालाग्राही. नळी स्वतः कापण्याच्या भरीस कोणींही पडूं नये.

दुरुस्ती होईपर्यंत दार शक्यतों उघडूं नये. भरलेला फ्रीझर बंद दारानें सुमारें ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. ज्या जिन्नसांत बर्फाचे कण अजून शिल्लक आहेत ते पुन्हां गोठवावयास हरकत नाहीं. कोमट झालेले मांस-मासे टाकून द्यावेत, वासावर विसंबूं नये. आणि मे महिन्यांत किंवा गणपतींत गांवीं जावयाचें असेल तर वाटीभर पाणी फ्रीझरमध्यें गोठवून त्यावर एक नाणें ठेवून जावें. परत आल्यावर नाणें वरच दिसलें तर सर्व ठीक. तें वाटीच्या तळाशीं गोठलेलें सांपडलें, तर आपल्या पाठीमागें आंतलें सारें वितळून पुन्हां गोठलें आहे. फ्रीज त्या वेळीं कितीही गार असला, तरी त्यांतले मासे त्या दिवशीं पानांत वाढूं नयेत.