महदंबेचे धवळे : पाठनिर्णयाविषयीं एक टिपण

मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिच्या ‘धवळ्यां’चें हस्तलिखित हातीं आलें कीं संग्राहकास प्रथम खटकतो तो चरणांचा विषमपणा, व तो सरळ करण्याचा मोह होतो. तो मोह कां आवरावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

महदंबेचें मूळ नांव रूपाईसा. नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण बालविधवा असून, दादोसांच्या द्वारें चक्रधरस्वामींकडे आली. लीळाचरित्रांत ती वारंवार प्रश्न विचारतांना दिसते. स्वामींचीं कित्येक वचनें तिच्या जिज्ञासेचींच फलें होत. पुढें ऋद्धिपुरीं गोविंदप्रभूंनीं विवाहाचा छंद घेतला, तेव्हां त्यांच्या आज्ञेवरून तिनें श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे धवळे गाइले. हा पूर्वार्ध, उत्तरार्ध मागाहून झाला. हा प्रसंग ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) किंचित् पूर्वींचा आहे.

धवळ म्हणजे विवाहप्रसंगीं गावयाचें गीत. यादवांच्या आश्रयास राहिलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत धवल प्रबंधाचे कीर्ति, विजय व विक्रम असे तीन भेद दिले आहेत. गुजराथींतील ‘धोळ’ हा शब्दहि त्याच ‘धवल’पासून झालेला. चक्रधर मूळचे भडोचचे. पण तेवढ्यावरून हा प्रकार त्यांच्याबरोबर इकडे आला, असें अनुमान करणें घाईचें होईल. तात्पर्य, ही रचना गळ्यावरची आहे. गातांना स्वर लांबवून चरण भरतो. कागदावर मात्र तो उणा दिसतो. अशा ठिकाणीं ‘तो’, ‘मग’ घालून अक्षरें पुरीं करणारा शोधक मूळ पाठ बिघडवितो.

दुसरें कारण लिपीचें. महानुभावांनीं आपले ग्रंथ पुढें सकळी आदि सांकेतिक लिप्यांत लिहिले. तींत एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें येतें. इ. स. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तिची उकल केली. साध्या बाळबोध पोथींत ‘घ’चा ‘ध’, ‘प’चा ‘य’ होतो, म्हणजे चूक आकारसाम्यामुळें होते. सकळीवरून उतरलेल्या प्रतींत मात्र मुळाशीं काडीचें साम्य नसलेलें अक्षर येऊं शकतें. असा निरर्थक वाटणारा शब्द संकेताच्या कोष्टकांतून फिरवून पाहिल्यास पुष्कळदां आपोआप उलगडतो; तो आधींच ‘सुधारला’ असेल तर वाट बुजते.

नाशिक रोडापासून निफाड तालुक्यांतील मौजे सुकेणें हें पंथाचें स्थान फार दूर नाहीं. तिकडील वा अन्यत्रींची प्रत उतरवून घेणारांनीं अक्षर जसेंच्या तसें घ्यावें, आपला तर्क समासांत लिहावा, आणि मूळ पोथी कोणत्या लिपींत होती तें पहिल्याच पानावर नोंदवावें.