खर्जाचा पोत

बेस गिटार या वाद्यावर एका निवृत्त शाळामास्तराने भाषण करावे, आणि तेही डहाणूसारख्या चिकूच्या वाड्यांच्या गावातून, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. मी या वाद्याचा वादक नव्हे. परंतु नाद कसा उत्पन्न होतो आणि कानास तो कसा भासतो हे मुलांस समजावून देण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. अलीकडे आमच्या डहाणू-तलासरीकडील तरुणांच्या हाती हे वाद्य, आणि त्याबरोबर पायाने दाबावयाच्या लहान लहान पेट्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांत काय आहे हे पाहण्याची सहजच इच्छा झाली. या पेट्यांस पेडल म्हणतात. घरातील वडीलधाऱ्या मंडळींचा त्यांवर एक ठरीव आक्षेप असतो : वाद्याचा खरा आवाज सोडून हा यंत्राचा खोटा आवाज कशासाठी? आज मला या आक्षेपाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. बेस गिटारीस बहुधा चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदास सुमारे ४१ आंदोलने होतात. पुढील तीन तारांची अनुक्रमे ५५, ७३ व ९८. म्हणजे हा आपल्या पेटीवरील खर्जाच्याही खालचा प्रदेश झाला. पूर्वी हे काम उभ्याने वाजवावयाचा, माणसाएवढा उंच डबल बेस करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी तेच काम गळ्यात अडकविता येईल अशा भरीव लाकडी वाद्याकडून करून घेतले. भरीव लाकडाला पोकळी नाही, तेव्हा त्याचा आवाज हातभर अंतरावरही धड ऐकू येत नाही. तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविलेलाच हा चमत्कार होय. तो प्रवाह अँप्लिफायरमध्ये वाढविला जातो आणि कर्ण्यातून आवाज निघतो. आता विचारावेसे वाटते की, या वाद्याचा 'खरा' आवाज कोणता? लाकडावर कान टेकला असता जो पुटपुटल्यासारखा ऐकू येतो तो, की कर्ण्यातून येतो तो?

हाच प्रश्न आपल्या तंबोऱ्यास विचारून पाहा. त्याचा भोपळा काढून घेतला तर तार उरेल, पण तंबोरा उरणार नाही. भोपळा असूनही घोडीवर तारेखाली सुताचा जो बारीकसा दोरा सरकवितात, तो काढला की नाद मुका होतो. दोरा केसभर पुढे-मागे केला की एकदम झणकार उठतो, आणि मैफलीत गवयी गाणे सुरू करण्यापूर्वी याच केसभर अंतरासाठी श्रोत्यांस ताटकळत ठेवतो. त्याबद्दल कोणी त्यास दोष दिलेला मी ऐकला नाही. या जवारीचे रहस्य काय, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला व १९२१ साली तो प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम होता. तंबोऱ्यात व वीणेत तो खुशाल उमटतो, हे रामन यांनी दाखविले; आणि त्याचे कारण ती रुंद, किंचित उतरती घोडी. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांची सारी ख्याती या घोडीच्या घासणीवर उभी आहे. सुताचा तो दोरा माझ्या दृष्टीने एक पेडलच आहे. फक्त त्यास बॅटरी लागत नाही.

येथे उपस्वर हा शब्द आला, तो थोडा उलगडला पाहिजे. कोणतीही तार सबंध हलते तशी ती अर्ध्याअर्ध्याने, तिसऱ्या हिश्शाने, चौथ्या हिश्शानेही त्याच वेळी हलत असते. सबंध हलण्याने मूळ स्वर मिळतो, तुकड्यांच्या हलण्याने त्यावरील दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे स्वर मिळतात. हे वरचे स्वर कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत त्यावरून आपण बासरी कोणती व सनई कोणती हे ओळखतो. आपल्या संगीतग्रंथांत यास नादाची जाती म्हणतात. मी त्यास पोत म्हणतो, कारण डोळे मिटून हात फिरविला तरी खादी व रेशीम कळावे तसे ते कानास कळते.

आता आमच्या मुलखातील वाद्याकडे येतो. वारली लोकांचा तारपा ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी तो निदान चित्रात पाहिलाच असेल. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांत मध्यभागी वाकून वाजविणारा एक वादक व त्याभोवती गोगलगाईच्या शिंपल्याप्रमाणे वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग असते. तो वादक वाजवीत असतो तोच तारपा. वाळलेल्या दुधी भोपळ्यात हवा साठते. भोपळ्यातून बांबूच्या दोन नळ्या निघतात, त्यांच्या तोंडाशी चिरून काढलेली लवचिक जीभ असते, आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळीत नेलेला लांब कर्णा. सांधे मधमाशांच्या मेणाने बुजविलेले असतात. वादक नाकाने श्वास घेत असता गालांतील हवा भोपळ्यात ढकलीत राहतो, म्हणून नाद रात्र-रात्र खंडत नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा यांस याच वादनासाठी २०२६ सालची पद्मश्री जाहीर झाली.

तारपा नुसता फुंकला की वाजला असे होत नाही. वाजविण्यापूर्वी जाणता वादक किती वेळ त्याच्याशी खटपट करतो ते पाहण्यासारखे असते. कोठे हवा गळते हे ओठाने व बोटाने शोधून तेथे मेण दाबावयाचे. जीभ फार ताठ असेल तर तासावयाची. ती जड झाली की सूर उतरतो, हलकी झाली की चढतो. दोन्ही जिभा कितीही जुळविल्या तरी अगदी एक होत नाहीत, केसाएवढे अंतर राहते, आणि त्या अंतरामुळेच नादात ती लाटेसारखी थरथर येते. भोपळा, कर्णा, मेण व जीभ या चारांशी केलेली ही तडजोड म्हणजेच पोताचा प्रयोग. असे प्रयोग आमच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

पेडलांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांतील परकेपणा पुष्कळसा जातो. कोरस नावाची पेटी आलेल्या नादाची एक प्रत काढते, ती पळभराच्या अत्यल्प अंशाने मागे ठेवते आणि ते अंतर हळूहळू हलवीत राहते. परिणाम असा की, एकाऐवजी दोघे वाजवीत आहेत असे वाटते. म्हणजे तारप्याच्या दोन जिभा जे करतात तेच. काँप्रेसर नावाची पेटी जोराचा आघात दाबते व हलका आघात उचलते. तिचे काम एखाद्या प्रौढ गृहिणीसारखे आहे. कोणास कळतही नाही, पण ती नसली की घरातील विस्कळीतपणा दिसू लागतो. ऑक्टेव्ह ही पेटी वाजविलेल्या स्वराच्या अर्ध्या आंदोलनांचा स्वर खाली जोडते. येथे नवशिके फसतात. ४१ चे अर्धे साडेवीस, आणि माणसाचा कान विसाच्या खाली स्वर म्हणून काही ऐकतच नाही! म्हणून ही पेटी वरच्या पडद्यांवर वाजवितानाच उपयोगी पडते. शिवाय तिला एका वेळी एकच स्वच्छ स्वर लागतो, दोन तारा एकदम छेडल्या की ती गोंधळून भलतेच काही ओरडते. यासाठी ती रांगेत आरंभी, तारेच्या जवळ ठेवावी, आणि नाद खरखरीत करणाऱ्या पेट्या तिच्या पुढे.

या खरखरीत पेटीची, म्हणजे फझची, जन्मकथा सांगण्यासारखी आहे, कारण ती बेस गिटारीच्याच कुळातील आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचे मुद्रण चालू असता ग्रेडी मार्टिन हे सहा तारांचा बेस वाजवीत होते. मुद्रणयंत्राच्या एका शाखेत बिघाड झाला आणि बेसचा नाद फाटक्या पडघमासारखा उमटला. मंडळींनी तो टाकून दिला नाही. १९६१ साली ते गीत लोकप्रिय झाले. तेथील मुद्रणतज्ज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज काढणारी पेटी तयार केली व ती १९६२ पासून मायस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आली. ही पेटी करते एवढेच की, नादाच्या लाटेचे माथे छाटून सपाट करते. माथे छाटले की मूळच्या लाटेत नव्हते असे पुष्कळ उपस्वर निर्माण होतात.

हे उपस्वर बेसच्या बाबतीत एक निराळेच कार्य करतात. तुम्ही हे भाषण ज्या यंत्रावर ऐकत असाल त्याचा कर्णा लहान असेल, मोबाइलवर ऐकत असाल तर तो बोटभरच असेल. असा कर्णा ४१ आंदोलनांचा स्वर देऊच शकत नाही. तरीही गाण्यातील बेस तुम्हांस ऐकू येतो. याचे कारण असे की, ८२, १२३, १६४ असे उपस्वर कानावर पडले की त्यांच्यामधील सारखे अंतर ओळखून मेंदू नसलेला ४१ चा स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून थोडा खरखरीतपणा दिलेला बेस लहान कर्ण्यावरही उठून दिसतो. मात्र प्रमाण सुटले की वरच्या गर्दीत मूळ स्वर हरवतो आणि पायाच ढासळतो. यावर जाणत्यांनी तोड काढली ती अशी : नादाचे पाटाच्या पाण्याप्रमाणे दोन भाग करावे, एक फझमधून न्यावा, दुसरा तसाच स्वच्छ ठेवावा व पुढे दोन्ही एकत्र आणावे. ज्या पेटीवर अशा मिश्रणाचे बटण नाही ती बेससाठी घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

मुंबईत असे प्रयोग करणाऱ्यांपैकी चरणजितसिंग यांचे नाव घ्यावेसे वाटते. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व बेस वाजविणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली टीबी-३०३ हे जपानी बेसयंत्र घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तिची त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी परदेशातील लोकांनी ती हुडकून काढली.

आता मूळ आक्षेपाची जी खरी बाजू आहे ती सांगितली पाहिजे. तलासरीकडील माझा एक जुना विद्यार्थी बेस वाजवितो. त्याच्या पाड्यातील दोघे तारपा वाजवितात आणि दोन्ही वाद्ये एका मंचावर आणण्याचा त्यांचा बेत आहे. तो एके दिवशी तीन पेट्या घेऊन घरी आला व म्हणाला, "गुरुजी, फझ लावला की तारपा दिसेनासाच होतो. न लावावा तर लग्नातल्या बेंजोची सवय झालेले लोक म्हणतात, यात मजा नाही." त्याचे गाऱ्हाणे खरे आहे. तारपा जिभेचे वाद्य असल्यामुळे त्याचा जीव मधल्या उपस्वरांत आहे, आणि फझने निर्माण केलेले उपस्वर नेमके तेथेच जाऊन बसतात. दोघे एकाच पाटावर बसले की विजेचे पाठबळ ज्यास आहे तो दुसऱ्यास उठविणार. आमच्याकडील लग्नांत मोठ्या कर्ण्यांनी तारप्याचे जे केले, तेच हा मुलगा न कळत स्वतःच्या हाताने करणार होता.

आम्ही दोघांनी मिळून जे ठरविले ते असे. फझ बंद. गिटारीवरील टोनचे बटण निम्म्याहून खाली, म्हणजे वरचे उपस्वर बाहेर वाहून जातात व मधली जागा तारप्यास मोकळी राहते. काँप्रेसर ठेवावा, कारण तारप्याचा नाद अखंड असतो व बेसचा प्रत्येक स्वर विझत जातो. स्वर दोनच, पण लांब. सुराच्या बाबतीत नमते घ्यावयाचे ते बेसने. तारप्याचा सूर कोणत्याही पेटीच्या पट्टीस बांधलेला नसतो. भोपळा व नळी जशी निघेल तसा तो असतो. बेसची खुंटी मात्र एका क्षणात फिरते. तारप्यापुढे मायक्रोफोन ठेवावयाचा तोही कर्ण्यात खुपसू नये, कारण नाद कर्ण्यातून येतो तसा नळीच्या भोकांतूनही येतो. हातभर दूर, मध्यावर धरावा.

एक गोष्ट राहिली. तासभर फुंकल्यावर वाफेने जीभ ओली होते आणि तारप्याचा सूर हळूहळू सरकतो. नाचणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही, कारण तेथे जुळवावयास दुसरे वाद्य नसते. बेसवाल्यास मात्र प्रत्येक चाळा बदलताना कान लावून खुंटी थोडी फिरवावी लागेल. तो मुलगा सध्या याचाच सराव करीत आहे, आणि तिन्ही पेट्यांपैकी दोन त्याने माझ्याकडेच ठेवल्या आहेत.