साइडकारमधली माहिती फोटोत बसवताना काय काय बिघडतं?

गेल्या वर्षीच्या प्रगती सादरीकरणात मी वारज्याच्या नागरी वनातले दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढलेले. डावीकडे तपकिरी, उघडा उतार. उजवीकडे झाडी. मी म्हणालो, “तीन वर्षांत एवढा फरक पडला आहे.” समितीतल्या एका सरांनी विचारलं, “डावीकडचा फोटो कुठल्या महिन्यातला?” मी फाइल उघडून तारीख वाचली: १४ ऑगस्ट.

खोलीत कोणीतरी हसलं. ऑगस्टमध्ये पुण्याच्या टेकडीवर गवत पिवळं? फोटो एप्रिलचा होता, हे मला आठवत होतं. पण फाइल सांगत होती ऑगस्ट. सरांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: “मग बाकीच्या फोटोंच्या तारखांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?”

चूक माझीच होती. एप्रिलचा तो फोटो मी रॉ फाइलवरून जेपेग करून ठेवला होता आणि त्यात तारीख उरली नव्हती. ती शेजारच्या साइडकार फाइलमधून भरावी म्हणून मी सगळ्या फोटोंवर एक कमांड चालवली. त्या कमांडमध्ये ‘फोटो काढल्याची तारीख’ घेण्याऐवजी ‘मेटाडेटा शेवटचा बदलल्याची तारीख’ घेतली गेली. म्हणजे ज्या दिवशी मी घरी बसून कीवर्ड टाकत होतो, तो दिवस. भरीस भर म्हणून जागा वाचवायला बॅकअपही बंद ठेवला होता.

पुढचे तीन आठवडे हे निस्तरण्यात गेले. त्यात जे कळलं ते इथे लिहितो. तुमचा विषय झाडं असो, शिलालेख असो की हस्तलिखितं, फोटो हा तुमचा डेटा असेल तर हे कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येणार.

साइडकार कशाला लागतं?

कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये बाहेरून काही लिहिणं बहुतेक सॉफ्टवेअर टाळतात, कारण प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी असते आणि ती बिघडायची भीती असते. म्हणून कीवर्ड, वर्णन, रेटिंग वगैरे माहिती शेजारी एका छोट्या मजकूर फाइलमध्ये ठेवतात. तिचं एक्स्टेन्शन एक्सएमपी. मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारसारखी ती मुख्य फाइलबरोबर फिरते, म्हणून ते नाव.

अडचण अशी की जोडी सुटते. सहकाऱ्याला फोटो पाठवताना साइडकार राहून जातं, फाइलचं नाव बदललं की नातं तुटतं. त्यामुळे संग्रहात फोटो जमा करण्याआधी माहिती फोटोच्या आतच बसवणं बरं. या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे फिल हार्वे यांनी २००३ मध्ये आणलेलं एक्झिफटूल. ते मोफत आहे आणि कमांड लाइनवर चालतं.

जेपेग फोटोच्या आत माहितीचे मुख्य खण तीन. एक्झिफ: कॅमेरा स्वतः भरतो तो, मूळ जपानी मानक, १९९५ चं. आयपीटीसी: वृत्तसंस्थांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलेला. आणि एक्सएमपी: अडोबीने २००१ मध्ये आणलेला, पुढे २०१२ मध्ये आयएसओ मानक झालेला. फोटोचं वर्णन या तिन्ही खणांत लिहायची सोय आहे. निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात.

काही बिघडलं की मी आता स्वतःला चार प्रश्न याच क्रमाने विचारतो. फाइलची जोडी जुळली का? माहिती वाचली गेली का? कुठल्या खणात लिहिली गेली? आणि मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये बघतोय ते कुठला खण वाचतं? क्रम सोडून थेट कमांड बदलत बसलात तर दिवस जातो.

जोडीच जुळत नाही

अडोबीची सॉफ्टवेअर साइडकारच्या नावातून फोटोचं एक्स्टेन्शन काढून टाकतात. डार्कटेबल ते ठेवतं आणि त्यापुढे एक्सएमपी जोडतं. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत, पण एकीसाठी लिहिलेली कमांड दुसरीच्या फाइली शोधू शकत नाही. “एकही फाइल अपडेट झाली नाही” असा संदेश आला तर आधी नावं बघा.

पहिल्या पद्धतीत आणखी एक खाच आहे. कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही साठवत असेल तर दोघांचं मूळ नाव एकच, म्हणून साइडकारही एकच. ते रॉसाठी लिहिलेलं असतं. त्यातली क्रॉपची किंवा रंगाची सेटिंग जेपेगमध्ये गेली तर काही सॉफ्टवेअर ती जेपेगवरही लागू करून दाखवतात आणि फोटो विचित्र दिसतो. अशा वेळी सगळं न उचलता हवे तेच रकाने नावानिशी उचलायचे.

लिनक्सवर लहान-मोठी लॅटिन अक्षरं वेगळी धरली जातात, हेही लक्षात ठेवा. विंडोजवर जुळलेली जोडी विभागाच्या सर्व्हरवर तुटू शकते.

सोपी तपासणी: फोटो किती, साइडकार किती, दोन्ही मोजा. आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका.

माहिती गेली, पण दिसत नाही

एक्सएमपी साइडकारमधलं वर्णन जसंच्या तसं उचललं तर ते फोटोच्या एक्सएमपी खणात जातं. तुमचं सॉफ्टवेअर आधी आयपीटीसी खण वाचत असेल तर तिथे जुनंच वर्णन दिसणार. तुम्हाला वाटतं कमांड चालली नाही. तुम्ही ती पुन्हा चालवता, वेगळी चालवता, आणि मग एका फोटोत तीन वेगळी वर्णनं होतात.

म्हणून तपासताना एक्झिफटूलला प्रत्येक माहितीपुढे तिच्या खणाचं नाव दाखवायला सांगा आणि दुबार नोंदीही लपवू नकोस म्हणा. दोन्हींसाठी पर्याय आहेत. एका खणातून दुसऱ्या खणात माहिती नेताना कशाची जोडी कशाशी, याच्या तयार फाइली एक्झिफटूलसोबतच येतात. त्या वापरा. मी स्वतःच्या जोड्या रात्री एक वाजता लिहिल्या आणि तारखेची जोडी चुकवली.

कीवर्डचंही बघा. ‘करंज, कडुलिंब, बाभूळ’ हे तीन वेगळे कीवर्ड हवेत. स्वल्पविरामासकट एकच लांब कीवर्ड म्हणून गेले तर ‘बाभूळ’ शोधल्यावर काहीही मिळणार नाही.

मराठी मजकुराचं काय होतं?

इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये हा भाग फारसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बिघाड तीन प्रकारे दिसतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

चौकोन दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, फक्त फॉन्ट नाही.

डोक्यावर तिरकी रेघ असलेली लॅटिन अक्षरं पुन्हा पुन्हा येत असतील तरीही मजकूर बहुधा सुखरूप आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो. वाचणाऱ्याने चुकीची लिपी धरली की तेच लॅटिन अक्षर सारखं सारखं दिसतं. आयपीटीसी खणात हे हमखास होतं, कारण मजकूर कुठल्या संकेतपद्धतीत आहे हे तिथे वेगळ्या नोंदीत सांगावं लागतं. ती नोंद यूटीएफ-८ अशी करून मजकूर पुन्हा लिहिला की प्रश्न सुटतो.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र मजकूर गेला. विंडोजच्या कमांड खिडकीत थेट मराठी टाइप केलं की हे होऊ शकतं. अक्षर ओळखता आलं नाही म्हणून त्याजागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं आणि त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. उपाय असा की मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या फाइलमध्ये ठेवायचा आणि एक्झिफटूलला ती फाइल वाचायला सांगायची.

चौथा बिघाड गुपचूप होतो. आयपीटीसी खणात लांबीची मर्यादा बाइटमध्ये आहे: एका कीवर्डला ६४, शहराच्या नावाला ३२. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिकडे कुणाला हे फारसं जाणवत नाही. आपल्याकडे काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात आणि प्रत्येकाचे तीन बाइट. ‘महाराष्ट्र शासन वन विभाग’ मोजा: २१ चिन्हांचे ६३ बाइट, तीन मोकळ्या जागा, एकूण ६६. शेवटचा ‘ग’ मावत नाही. शहराच्या रकान्यात ‘पुणे’ १२ बाइटमध्ये बसतं, पण ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात. एक्झिफटूल कापल्याची सूचना देतं, पण हजार फोटोंच्या गर्दीत ती ओळ वर निघून जाते. एक्सएमपी खणात ही मर्यादा नाही. मराठी मजकुरासाठी मी आता तोच मुख्य धरतो.

वेळ आणि ठिकाण

गूगल फोटोजमधून एकगठ्ठा डाउनलोड केलं तर प्रत्येक फोटोसोबत जेसन फाइल येते. तिच्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ती तशीच फोटोत लिहिली तर सकाळी ९:१० चा फोटो पहाटे ३:४० चा होतो. हे निदान लक्षात तरी येतं. पण १ जूनला पहाटे ५ वाजता काढलेला फोटो ३१ मे, रात्री ११:३० चा होतो आणि महिनाच बदलतो. एक्झिफमध्ये वेळेसोबत ‘+०५:३०’ असा फरक नोंदवायचा रकाना २०१६ च्या आवृत्तीत आला. तो भरा.

ठिकाणाबाबत: एक्झिफमध्ये अक्षांशाचा आकडा आणि ‘उत्तर की दक्षिण’ हे दोन वेगळे रकाने आहेत. रेखांशाचंही तसंच. नुसता आकडा लिहून दिशा राहिली तर काही नकाशे फोटो दाखवतच नाहीत.

आणि प्रत्येक ठिकाण फोटोत असायलाच हवं का, हेही विचारा. घुबडाची ढोली, दुर्मीळ झाड, मुलाखत दिलेल्या माणसाचं घर: अशा फोटोंची सार्वजनिक प्रत काढताना अक्षांश-रेखांश काढून टाका. ज्या ज्या खणात असतील तिथून. एकातून काढून दुसऱ्यात राहिलेले मी पाहिले आहेत.

मी आता काम कसं करतो

१. मूळ फोटो आणि मूळ साइडकार यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. तिला हात लावत नाही.

२. फक्त पाच फोटो निवडतो, पण मुद्दाम त्रासदायक: एक मराठी कीवर्डचा, एक लांब वर्णनाचा, एक पहाटेचा, एक जीपीएसवाला, एक रॉ-जेपेग जोडीतला.

३. कमांड चालवण्याआधी आणि नंतर सगळी माहिती मजकूर फाइलमध्ये काढून दोन्ही ताडून बघतो. बदलायला नको होतं ते बदललं का, हे आधी शोधतो.

४. एक्झिफटूल मूळ फाइल आपणहून वेगळ्या नावाने ठेवतं. ती सोय काम तपासून होईपर्यंत बंद करत नाही.

५. माहिती बसवली की फाइलचा चेकसम बदलतो, चित्राचा एक ठिपकाही बदललेला नसला तरी. म्हणून संग्रहासाठीचा चेकसम सगळं बसवून झाल्यावर काढतो. चित्र तेच आहे हे सिद्ध करायचं असेल तर एक्झिफटूल फक्त चित्राच्या भागाचा हॅशही काढून देतं.

६. सूचना पडद्यावर वाचत बसत नाही, फाइलमध्ये साठवतो आणि ती फाइल प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

वारज्याच्या फोटोंचं काय झालं?

५ जून २०२० ला केंद्र सरकारने पाच वर्षांत देशभर २०० नगर वनं उभारायची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचं वन नमुना म्हणून पुढे ठेवलं गेलं होतं. उजाड टेकडीचं जंगल झालं, ही त्याची ओळख. असं वन ‘आधी आणि नंतर’च्या फोटोंनीच लोकांना समजतं. पण आपल्याकडे पाऊस पडला की उजाड माळही दोन महिन्यांत हिरवा होतो. एप्रिलच्या फोटोशेजारी सप्टेंबरचा लावला तर एक झाड न लावताही जंगल वाढलेलं दाखवता येईल. महिना चुकला की पुरावाच उलटा होतो.

मी रॉ फाइली, मूळ साइडकार आणि क्षेत्रवही समोर ठेवून सगळ्या तारखा पुन्हा बसवल्या. काही जुने फोटो कुठल्याच नोंदीशी जुळले नाहीत. ते ‘तारीख अनिश्चित’ असं लिहून विश्लेषणाबाहेर ठेवले. पुढच्या सादरीकरणात एप्रिलशेजारी एप्रिल आणि ऑगस्टशेजारी ऑगस्ट लावला. झाडी वाढलेली दिसत होतीच, पण पहिल्या वेळी मी दाखवला होता त्यापेक्षा फरक बराच कमी होता. सरांनी या वेळी दोन जोड्यांच्या तारखा क्षेत्रवहीशी ताडून बघितल्या आणि पुढच्या स्लाइडवर जायला सांगितलं.

तुमच्याकडे क्षेत्रवही नसेल तर आजच एक घ्या. फोटोचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा. चार रकाने पुरतात.