उत्तर मिळाले, पडताळले का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पाहता पाहता मुलांच्या निबंधांत शिरले. हे यंत्र मुळात पुढचा संभाव्य शब्द हिशेबाने ठरवते. खरेखोटे जाणत नाही. म्हणून गालिबच्या नावावर भलताच शेरही ठामपणे खपवते. युनेस्कोने २०२३ मध्ये वर्गातील वापरासाठी किमान वय १३ सुचवले. हेलसिंकी विद्यापीठाने तर २०१८ मध्येच मोठ्यांसाठी मोफत अभ्यासक्रम काढला.

आम्ही शिक्षक मुलांना तीन प्रश्न देतो: हे कुठून आले? दुसरीकडे तपासले का? वही मिटून स्वतःच्या शब्दांत सांगता येते का? अम्मी-अब्बूंनी घरीही हेच विचारावे. नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी आणखी एक पथ्य पाळावे: ग्राहकाचा आधार क्रमांक किंवा खात्याचा तपशील त्यात कधीही टाकू नये.