शेतात जुनी नाणी सापडली तर

नांगरताना, विहीर खणताना, जुनी भिंत पाडताना कधी नाण्यांचं मडकं हाती लागतं. हल्ली काहीजण धातू शोधणारं यंत्र घेऊनही रानात फिरतात. ‘आमचं शेत, आमचं धन’ असं आपण म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

गुप्तधनाचा कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, की काय, किती, कुठे, कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. धन सरकारी कोषागारात भरायचं, नाहीतर मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते. धनाचा मूळ मालक कुणी ठरला नाही आणि वेगळा करार झाला नसेल, तर चारातले तीन वाटे ज्याला सापडलं त्याचे, एक जागामालकाचा. म्हणजे खुरपायला गेलेल्या मजूर बाईचाही त्यावर हक्क आहे. सरकारला ते धन हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेता येतं. लपवलं तर वाटा जातो. वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

नाणी चिंच-राखेनं घासू नका, अक्षरं झिजतात. सोनाराकडे वितळवू नका. गुप्तधन काढून देणाऱ्या बुवाला दारात उभं करू नका. त्यासाठी अघोरी कृत्य करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आणि बायांनो, अर्जाची पोच मागून घ्या, जपून ठेवा.