वस्ती तिथेच का?

भूगोल म्हटले की बहुतेकांना राजधान्या, नद्या आणि पिकांच्या याद्या आठवतात. दहावीनंतर हा विषय सुटतो आणि त्याबरोबर नकाशाही मिटतो. मानवी भूगोल मात्र पाठांतरावर नव्हे, एका साध्या प्रश्नावर उभा आहे : माणसे जिथे राहतात, तिथेच का राहतात? मी भूगोलाचा पदवीधर नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे जमवत आणि ते घेऊन सह्याद्रीत हिंडत जे शिकलो, त्याच्या आधारे हा प्रश्न नकाशावर कसा विचारायचा ते इथे मांडतो.

या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे आहेत. जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिश रात्सेल याच्या विचारातून पुढे निसर्गवाद रूढ झाला. जमीन, हवा, पाणी माणसाचे जगणे ठरवतात, असे तो मानतो. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश याने वेगळी भूमिका घेतली. निसर्ग हुकूम देत नाही, शक्यता पुढे ठेवतो. निवड माणूस करतो. हा शक्यतावाद. विद्यार्थ्यांना या दोन वादांतला फरक परीक्षेपुरता लिहिता येतो. नकाशा समोर असला की त्यापुढचा प्रश्नही सुचतो : निवड करण्याची मुभा सगळ्यांना सारखी असते का?

आधी नकाशाची ओळख करून घेऊ. गिरिभ्रमण करणारे ज्याला ‘टोपोशीट’ म्हणतात, तो स्थलनिर्देशक नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली सुरू झाला. त्याच्या जुन्या मालिकेतला ४७ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधला. मुंबई, पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूर हे सगळे त्यात येते. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. हा शेवटचा तुकडा म्हणजे आपला नेहमीचा नकाशा. आपल्याकडे तो साधारण सत्तावीस किलोमीटर लांबीरुंदीचा मुलूख दाखवतो. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा, लाल वस्तीचा आणि रस्त्यांचा. तपकिरी रेषा उंचीच्या.

या तपकिरी रेषा म्हणजे समोच्चरेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात, आणि लगतच्या दोन रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असतो. रेषा दूरदूर असतील तर जमीन सपाट, दाटीवाटीने असतील तर चढ उभा. रेषांना पडलेल्या बाकाचे टोक उंच बाजूकडे वळले असेल तर ती घळ किंवा ओढा. सखल बाजूकडे वळले असेल तर डोंगराची सोंड. हिशेबही सोपा आहे. दोन मिलिमीटर अंतरात वीस-वीस मीटरचे पाच टप्पे मोजले, तर शंभर मीटर आडव्या अंतरात शंभर मीटर चढ, म्हणजे पंचेचाळीस अंशांचा उतार. एक पट्टी आणि धारदार पेन्सिल, एवढ्यावर हे कळते.

आता लाल ठिपके पाहा. देशावरच्या नकाशात घरे एकमेकांना खेटून असतात आणि भोवती शिवार मोकळे पसरलेले असते. ही केंद्रित वस्ती. कोकणात घरे रस्त्याच्या किंवा पाखाडीच्या कडेने लांबत जातात. ही रेषाकृती वस्ती. डोंगराळ आदिवासी भागात दोन-चार घरांचे पुंजके एकमेकांपासून दूर असतात, म्हणजे विखुरलेली वस्ती. इरावती कर्वे यांनी भारतीय खेड्यावरच्या आपल्या निबंधात असेच प्रकार नोंदवले आहेत. त्यांच्या मांडणीतून एक प्रश्न उभा राहतो : गाव नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. महसुली दप्तर आणि जनगणना यांचे एकक महसुली गाव हे आहे. वाडी किंवा पाडा त्या गावाच्या पोटात मोजला जातो. मूळ गाव खाली रस्त्यालगत आणि त्याची वाडी दोन-तीनशे मीटर वर डोंगरात असली, तरी कागदावर दोन्ही एकच. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात दरड कोसळली, तेव्हा बातम्यांत नाव आले तळीये गावाचे. दरडीखाली गेली ती त्या गावची कोंढाळकरवाडी. तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये सुमारे दीडशे, आणि नंतर १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीत मृत आणि बेपत्ता मिळून ऐंशीहून अधिक.

इरशाळवाडी इरशाळगडाच्या कुशीत होती. ठाकर आदिवासींची वस्ती, वर गाडी जाईल असा रस्ता नाही. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

अशा वाड्या तिथेच का असतात? सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा आणि मऊ थराचा उतार आलटून पालटून येतात, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेतली पायरीच. या पायरीवर घराला सपाटी मिळते, वरून वाहून आलेली माती साठते आणि दोन थरांच्या सांध्यातून अनेक ठिकाणी झरा फुटतो. डोंगरातल्या माणसाला घर, वरी-नाचणी आणि पाणी यांसाठी हेच हवे असते. वस्तीची जागा म्हणून निवड चोख आहे. पण जी माती पीक देते, तीच अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होते; ज्या उतारावरून ती आली, तोच उतार अजून डोक्यावर उभा असतो. जागेचा गुण आणि जागेचा धोका एकाच कारणातून येतात.

आता सापेक्ष स्थान पाहा, म्हणजे त्या वस्तीचे बाजार, रस्ता, दवाखाना आणि सुपीक जमीन यांच्याशी असलेले नाते. खालची सपाट भातशेती, रस्ता आणि बाजार आधीच दुसऱ्यांच्या हाती असतात. वरच्या माणसापुढे शक्यता दोन-तीनच उरतात. शक्यतावादाच्या धड्यात ही ओळ घालायला हवी.

नकाशाच्या मर्यादाही शिकवायला हव्यात. शंभर-दीडशे मीटरांत मावणारी वाडी या प्रमाणावर दोन-तीन मिलिमीटरची होते. वीस मीटरहून कमी उंचीचा कडा दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकतो. सर्वेक्षणानंतर वसलेली किंवा उठलेली घरे त्यात नसतात. नुसता नकाशा पाहून दरड कुठे कोसळेल हे सांगता येत नाही. त्यासाठी माती, खडकातल्या भेगा आणि पाण्याच्या वाटा प्रत्यक्ष तपासाव्या लागतात. पण आधी कुठे जाऊन तपासायचे, हे नकाशा सांगतो. लाल ठिपका, त्याच्या लगेच वर दाटलेल्या तपकिरी रेषा आणि जवळून उतरणारी घळ, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तिथे पेन्सिलने खूण करावी.

२०१७पासून या विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे भारतीय नागरिकांना विनामूल्य उतरवून घेता येतात. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, वाचण्याची रीत तीच. डोंगराळ तालुक्यातल्या शिक्षकांनी आपल्या परिसराचा एक नकाशा वर्गात लावावा. मुलांना आपापली वाडी शोधायला सांगावी आणि तिच्या वरच्या रेषा मोजायला लावाव्यात. ज्यांची वाडी नकाशात सापडणार नाही, त्यांनी ती नावासकट लिहावी, घरांची संख्या टाकावी, आणि तो कागद पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत द्यावा. यादी करणाऱ्याला निदान नाव तरी मिळेल.